तीनचाकी नेमकी दिली कुणी? वापरून झालेली खेळणी आणि दोन भावंडं : एक प्रकरण अभ्यास

मी प्राथमिक शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते. हे प्रकरण पुण्यातल्या एका कुटुंबाचं आहे आणि त्यांच्या परवानगीनं लिहिलं आहे. नावं गाळली आहेत, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलगी दहाव्या वर्षात, तिला थोरली म्हणते. मुलगा पाच वर्षांचा, तो धाकटा.

पार्श्वभूमी

दोन बेडरूमचं घर. आई-बाबा दोघंही नोकरीला, बाबांची आई सोबत राहते. खेळण्यांची परिस्थिती आज अशा बहुतेक घरांत असते तशीच. वाढदिवसाला मिळालेली, दुसऱ्यांच्या वाढदिवसाहून रिटर्न गिफ्ट म्हणून आलेली, आत्यानं दुबईहून आणलेली, डेंटिस्टकडे रडला नाही म्हणून घेतलेली. पलंगाखालचे कप्पे भरले, बाल्कनीतली खोकी भरली, मग कपड्यांच्या कपाटातला खालचा खण गेला.

आईनं यावर एक पद्धत बसवली होती. गणपतीच्या आधी आणि दिवाळीच्या आधी, मुलं झोपली की दोन मोठ्या पिशव्या भरायच्या. चांगलं ते घरकामाच्या मावशींना, मधलं ते वॉचमनच्या मुलांना, उरलेलं भंगारात. सकाळी मुलांना पत्ता नसायचा. “त्यांच्या लक्षातही येत नाही,” असं आईनं मला पहिल्याच भेटीत सांगितलं. थोरलीशी बोलले तेव्हा ती म्हणाली, “माझी हातात घालायची बाहुली गेली ना, ती मला माहितीये. विचारलं की आई म्हणते, असेल इथेच कुठेतरी.” म्हणजे लक्षात येत होतं. विचारून उपयोग नाही, हेही लक्षात आलेलं होतं.

त्या वर्षी गणपतीच्या आधी धाकट्याची तीनचाकी गेली. लाल रंगाची, मागे छोटी डिकी असलेली. वापरातून गेलीच होती ती. त्याचे गुडघे हँडलला लागायचे, बाजूची चाकं लावलेली नवी सायकल आली होती आणि तीनचाकीवर बाल्कनीत ओली पायपुसणी वाळत असत. आईनं ती पुसली, तेलपाणी केलं आणि मावशींच्या तीन वर्षांच्या नातवासाठी दिली. मनापासून दिली, यात शंका नाही.

पुढे एका सुट्टीच्या दिवशी घरी बघायला कुणी नव्हतं म्हणून मावशी नातवाला कामावर घेऊन आल्या. तो तीनचाकीसकट आला आणि पार्किंगमध्ये फिरवू लागला. धाकटा खाली उतरला, त्यानं पाहिलं आणि हँडल धरून ओढलं. “माझी आहे!” नातू कुशीवर पडला, त्याचा कोपर खरचटला. वॉचमन, इस्त्रीवाला, दोन-तीन शेजारणी, सगळ्यांसमोर. आई धावत खाली आली आणि शरमेनं मुलाला झापलं: “एवढी मोठी सायकल आणलीय ना तुला? लाज नाही वाटत?” त्यावर तो म्हणाला, “मी दिलीच नाही. तू दिलीस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी तीनचाकी धुऊन आणली आणि लिफ्टपाशी उभी केली. “ठेवा ताई. लेकरू रडतंय तुमचं.” आईनं बळंच ती परत पाठवली. नातू मात्र त्यानंतर सोसायटीत आला नाही.

अडचण

माझ्याकडे हे प्रकरण आलं ते वेगळ्याच दाराने. वर्गशिक्षिकेची तक्रार होती की धाकट्याच्या दप्तरात रोज खेळणी सापडतात. एखादं नव्हे, मोटारी, आगगाडीचे डबे, चेंडू, मोडका डायनोसॉर. तो ती खेळायला काढत नाही आणि कुणाला हातही लावू देत नाही. घरी उशीच्या अभ्र्यात आणखी निघाली. आईचं म्हणणं, “एवढं सगळं असून स्वार्थी होत चाललाय. त्याला जरा शेअरिंग शिकवा.”

त्याची झोप, खाणं, मित्रांशी वागणं याची चौकशी केली. सगळं वयाला धरून होतं. मला त्यात स्वार्थ दिसला नाही. दोन-अडीच वर्षांच्या मुलाचा मालकीबाबत गोंधळ असतो. आधी ज्याचं होतं त्याचंच ते कायम, असं त्याला वाटत राहतं. पाच वर्षांपर्यंत बहुतेक मुलांना नियम कळलेला असतो: एखाद्यानं आपली वस्तू दुसऱ्याला दिली की ती त्या दुसऱ्याची होते. धाकट्याला हा नियम चोख माहीत होता. त्याच्या हिशेबानं तीनचाकीच्या मालकानं ती दिलेली नव्हती, म्हणजे ती गेली होती. आणि जे घरात रात्रीतून जाऊ शकतं ते दप्तरात घालून बरोबर नेणं, यात मला तरी खोट दिसेना.

थोरलीबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. “ती फार समजूतदार आहे,” एवढंच. समजूतदार म्हटलेल्या मुलाकडे मी मुद्दाम दोनदा बघते.

तिसरं मूल कुणाच्याच बोलण्यात मूल म्हणून येत नव्हतं. आईच्या सांगण्यात तो “मावशींचा नातू” होता. तीन वर्षांच्या पोराला कुणीतरी सायकल दिली, ती त्याची झाली, आणि चारचौघांत ती त्याच्या बुडाखालून ओढली गेली. या सगळ्या देण्याघेण्यात सर्वांत कडू धडा त्यालाच मिळाला होता.

त्यात एक तारीख जवळ येत होती. दिवाळीनंतर थोरलीचा दहावा वाढदिवस. बाबांची कल्पना अशी की तो एखाद्या बालगृहात करायचा, मुलांच्या हातून तिथं खेळणी वाटायची. “त्यांना कळू दे, सगळ्यांना सगळं मिळत नाही ते.”

समोर असलेले पर्याय

*तीनचाकी परत घ्यायची, नातवाला नवी आणून द्यायची.* हे बाबांनी सुचवलं. पैशानं सुटणारा प्रश्न त्यांना बरा वाटत होता. पण नातवाच्या बाजूनं पाहिलं तर हे दुसऱ्यांदा काढून घेणंच होतं, फक्त पावतीसह. आणि धाकट्याला ती चालवताही येणार नव्हती.

*आहे तेच चालू ठेवायचं, फक्त जास्त गुपचूप.* आजीचं मत: “मुलांना काय विचारायचंय त्यात? आम्हाला कुणी विचारलं होतं?” यात तथ्य अजिबात नाही असं नाही. तुटलेली चाकं, सुकलेले स्केचपेन, चॉकलेटच्या अंड्यातून निघालेली प्लास्टिकची किडूकमिडूक यांवर सभा भरवली तर घर कधीच आवरणार नाही. कचरा आईनं टाकावा. पण जे दुसऱ्याच्या उपयोगाचं आहे, ते कधीतरी या मुलाच्याही जिव्हाळ्याचं होतं, आणि तिथे हा मार्ग बंद होता. धाकटा आता पहारा देत होता.

*बालगृहात वाढदिवस.* यावर आम्ही बराच वेळ बोललो, कारण पुण्या-मुंबईकडे ही आता चांगली माणसं करतात अशी गोष्ट झाली आहे. माझा आक्षेप हेतूला नव्हता. तिथे काय घडतं ते डोळ्यांसमोर आणून बघा. मुलं रांगेत बसवलेली, अनोळखी मुलीच्या वाढदिवसाचं गाणं म्हणतायत, मग एकेकजण पुढे येऊन वस्तू घेतो आणि थँक्यू म्हणतो. दहा वर्षांच्या मुलीला यातून “सगळ्यांना सगळं मिळत नाही” हे कळेल, पण त्याबरोबर आणखीही काही कळेल: देणारी मुलं उभी असतात, घेणारी बसलेली असतात. बालगृहातली सगळी मुलं अनाथ असतात हाही गैरसमज; कितीतरी मुलांचे आई किंवा वडील असतात, घरची परिस्थिती नसते. फोटोचा प्रश्न तर कायद्याचा आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचं कलम ७४ अशा मुलांची ओळख उघड होईल असं काहीही, छायाचित्रासकट, प्रसिद्ध करायला मनाई करतं. फॅमिली ग्रुपवर टाकलेला फोटो तिथून पुढे कुठे जाईल, कोण सांगणार? महिन्या-दोन महिन्यांनी नेमानं जाऊन मुलांना गणित शिकवणारी कुटुंबं मला माहीत आहेत. त्यांच्याबद्दल हे बोलणं नाही. शेवटी निर्णय संस्थेनंच सोपा केला. बाबांनी फोन केला तेव्हा त्यांनी सांगितलं, वापरलेली खेळणी आम्ही घेत नाही, द्यायचंच तर धान्य किंवा शालोपयोगी साहित्य द्या.

*एक द्या, एक नवं घ्या.* हा आईचा तोडगा, आणि आकर्षक होता. पण मानसशास्त्रज्ञ फेलिक्स वार्नेकेन आणि मायकल टोमासेलो यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात वीस महिन्यांच्या मुलांना मदतीबद्दल बक्षीस म्हणून वस्तू दिली गेली. ती मुलं पुढे, बक्षीस नसताना, कमी मदत करू लागली. ज्यांना नुसती शाबासकी मिळाली किंवा काहीच मिळालं नाही, ती करत राहिली. आणि प्रयोग बाजूला ठेवला तरी हिशेब साधा आहे. या घरात एक गेलं की एक आलं, तर पलंगाखालचा कप्पा तेवढाच भरलेला राहणार.

*मुलांनी ठरवायचं, “नाही” म्हणण्याच्या हक्कासकट. आणि घेणाराही “नको” म्हणू शकेल असा शोधायचा.* आईचा पहिलाच प्रश्न होता, “आणि त्यानं काहीच दिलं नाही तर?” तर काहीच जाणार नाही, असं माझं उत्तर. आई-बाबांना सगळ्यांत जड गेलं ते इथेच. आपण मुलाला निवड देतो म्हणतो तेव्हा बहुतेकदा उत्तर आपल्या खिशात आधीच असतं.

आईला धीर यावा म्हणून मी तिला आणखी एका प्रयोगाबद्दल सांगितलं. लारा अ‍ॅकनिन आणि सहकाऱ्यांनी कॅनडात केलेला, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला. दोन वर्षांच्या आतली मुलं खाऊ मिळाल्यावर जेवढी खुलतात त्याहून, तो बाहुल्याला देताना जास्त खुलतात. आणि स्वतःच्या वाटीतला दिला तर आणखी. अर्थात तो खाऊ होता, तीनचाकी नव्हती. पण देण्याची आवड मुलात बाहेरून भरावी लागते, ही आईची धास्ती कमी व्हायला एवढं पुरलं.

काय केलं

पहिलं काम खेळण्यांचं नव्हतंच. आईनं धाकट्याला जवळ बसवून सांगितलं: “सायकल तुझी होती. तुला न विचारता मी दिली. ते चुकलं माझं. पण आता ती त्याची झालीय, परत मागायची नाही.” यातला कुठलाही अर्धा भाग गाळून चाललं नसतं. नुसती माफी मागितली असती तर तो सायकल मागायला मोकळा झाला असता. नुसतं “आता त्याची” म्हटलं असतं तर ते पार्किंगमधल्या ओरडण्याचीच पुढची ओळ ठरलं असतं. त्यानं विचारलं, “मोठी सायकल पण देणार?” “तुला विचारल्याशिवाय काही नाही.” त्यावर त्याचा विश्वास बसला नाही. पुढे कितीतरी दिवस तो रात्री झोपताना मोटारी मोजत होता.

मावशींशी कुठे बोलायचं, हा दुसरा निर्णय. स्वयंपाकघरात बोलली असती तर मावशी “असू द्या ताई” म्हणून भांड्यांकडे वळल्या असत्या. तिथे त्या दुसरं काय म्हणणार? म्हणून आई रविवारी त्यांच्या घरी गेली. धाकट्याला नेलं नाही. पढवलेलं “सॉरी” ऐकवायला एका मुलाला दुसऱ्यासमोर उभं करणं आम्हाला नको होतं. तीनचाकी घरात माळ्यावर, जुन्या चादरीत बांधून ठेवली होती. आई म्हणाली, “त्याची आहे ती, सोसायटीत आणत जा त्याला.” मावशी म्हणाल्या, “नको ताई. तुमचं पोरगं पुन्हा बघंल.” त्यांचं म्हणणं खोडून काढण्यासारखं नव्हतं, आणि आईनं ते खोडलंही नाही.

मग दिवाळीच्या आवराआवरीत, एका शनिवारी दुपारी, हॉलमध्ये सगळं ओतलं. सुरुवात द्यायच्या ढिगापासून करायची नाही, एवढी माझी सूचना होती. आधी प्रत्येकाला एक क्रेट: “कधीच द्यायचं नाही.” कारण सांगायची गरज नाही, मोठ्यांनी भुवई उंचवायची नाही. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५० च्या दशकात लहान मुलाला धीर देणाऱ्या ज्या चिंधीबद्दल, मळक्या अस्वलाबद्दल लिहिलं, तशी एखादी वस्तू प्रत्येक घरात असते आणि ती नेमकी सगळ्यांत टाकाऊ दिसते. धाकट्याचा क्रेट भरून वाहायला लागला. त्यानं दुसरा मागितला. आईचा माझ्याकडे आलेला मेसेज अजून आहे: “दुसरा पण देऊ का??” दिला.

दुसरा क्रेट अर्धाच भरला. मग तो उरलेल्या ढिगाकडे वळला आणि स्वतःहून म्हणायला लागला, “हे बाळांचं आहे. हे पण बाळांचं. मला नको.” मोठ्या मण्यांची ओवणी, रिंगांचा मनोरा, चित्रांचे जाड पुठ्ठ्याचे ठोकळे. त्याच्या आवाजात दया नव्हती, रुबाब होता. पाच वर्षांच्या मुलाला लहानपणीची खेळणी देऊन टाकण्यात आधी मिळतं ते हेच: मी मोठा झालो याचा पुरावा. पालक त्यात करुणा शोधत बसतात आणि ती दिसली नाही की हिरमुसतात. मला हा रुबाब पुरेसा वाटतो. “मी आता बाळ नाही” म्हणणाऱ्याच्या मनात बाळ कुणीतरी दुसरं आहे, हे येतंच.

थोरलीकडे उलटं चाललं होतं. तिचा क्रेट रिकामा आणि पिशवी भरलेली. आजी कौतुक करत होती, “किती गुणाची गं माझी बाई!” आणि दर कौतुकासरशी एक वस्तू आत. बाबांच्या लक्षात आलं की वस्तू टाकण्याआधी ती आजीकडे बघते. शेवटी तिनं सावंतवाडीची लाकडी भातुकली आत ठेवली. आजोळहून आलेली, जातं, चूल, पाट, कळशी असलेली, जिच्याशी ती अजूनही दार लावून खेळायची. रात्री तिनं आईला अंधारात विचारलं, “दिलेलं परत घेता येतं का? अजून गेलं नसेल तर?”

त्या प्रश्नावरून घरात एक नियम झाला, आणि या प्रकरणातला मला सगळ्यांत आवडलेला निर्णय तोच. पिशवी हॉलमध्ये उघडी राहील. घराबाहेर जाईपर्यंत कुणीही आपली वस्तू काढून घेऊ शकेल. भातुकली सकाळी परत क्रेटमध्ये होती. धाकट्यानं एक मोटार काढली, पुन्हा टाकली, पुन्हा काढली. आजीला बाबांनी समजावलं की कौतुक नको, ती म्हणाली, “मग काय, गप्प बसू?” आणि खरोखर दोन दिवस रुसून गप्प बसली.

दरम्यान आई-बाबांनी तपासणी केली. रंगाचे पोपडे निघणारं काही नको. रिमोटमधल्या आणि गाणाऱ्या पुस्तकांमधल्या बटणासारख्या चपट्या बॅटऱ्यांची झाकणं स्क्रूनं बंद आहेत का ते पाहिलं. अशी बॅटरी मुलानं गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत गंभीर भाजू शकतं. भारतात खेळण्यांवर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, प्रमाणचिन्ह सक्तीचं झालं ते १ जानेवारी २०२१ पासून, म्हणजे थोरलीची बरीच खेळणी त्याआधीची; त्यांतली संशयास्पद वाटली ती बाजूला काढली.

घेणारी जागा मी सुचवली: शाळेजवळची एक अंगणवाडी. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली तेव्हापासून अंगणवाडी म्हटलं की लोकांना खिचडी, लसीकरण आणि वजनकाटा आठवतो. तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं पूर्वप्राथमिक शिक्षण हेही तिचं काम आहे, आणि त्याला खेळणी लागतात. महाराष्ट्राला तरी हे नवीन वाटू नये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि मग कोसबाडला, शिंपल्या, बिया, पानं अशा हाताशी असलेल्या वस्तूंवर बालशिक्षण उभं केलं होतं. सेविकाताईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “आणा. पण मी बघून घेईन. आणि मुलं घरी गेल्यावर या.” या दोन्ही अटी आम्हाला हव्या होत्या तशाच निघाल्या. देणारी मुलं आणि घेणारी मुलं समोरासमोर येणार नव्हती.

अंगणवाडीत

एक खोली, भिंतीवर मुळाक्षरं आणि भाज्यांची चित्रं, कोपऱ्यात वजनकाटा. सेविकाताई सतरंजीवर बसल्या आणि पिशवीतली एकेक वस्तू काढून बघायला लागल्या. बाजारात वांगी निवडावीत तशी.

जिगसॉचा खोका हातात आला. “४८ तुकडे लिहिलेत. मोज गं बाळ.” थोरलीनं मोजले. ४५. पुन्हा मोजले. सेविकाताईंनी खोका तिच्याकडे परत सरकवला. “शेवटाला चित्रात भोक राहणार. माझ्या पोरांनी असलं का जुळवायचं?” आवाज चढलेला नव्हता. थोरलीचे कान लाल झाले.

इंग्रजीतून रंगांची नावं सांगणारा ससा: नको. “सेल कोण घालणार? आणि हाच बोलत बसतो, पोरं गप्प होतात.” मोठा टेडी: नको, धुतला तर या खोलीत वाळवायचा कुठे? ठोकळे सगळे ठेवून घेतले आणि वर विचारलं, “आणखी आहेत का? वीस पोरांत एवढे म्हणजे मारामारी.” मणी, रिंगा, डॉक्टरचा सेट, प्लास्टिकची भांडी, दोन चेंडू, चित्रांची पुस्तकं घेतली. जवळपास अर्धं सामान परत.

आगगाडीचे रूळ निघाले तेव्हा त्यांनी धाकट्याला विचारलं, “हे कसं जोडायचं रे? उद्या मला पोरांना दाखवावं लागेल.” तो खाली बसला आणि त्यानं जोडून दाखवलं. त्यांनी एक वळण उलटं लावलं. “असं नाही. खाच इकडे पायजे.” पुन्हा सगळं मोडून त्यांच्याकडून जोडून घेतलं. त्या दुपारभर त्याला दुसऱ्या कशात रस नव्हता.

गाडीत बाबा म्हणाले, “फुकट देतोय तरी नखरे!” थोरली मागून म्हणाली, “पण बाबा, तुकडे खरंच नव्हते.”

निष्पत्ती

दप्तरातली खेळणी हळूहळू कमी झाली. अभ्रा दिवाळीनंतर रिकामा झाला. एखादी मोटार अजून असते, पण शिक्षिका सांगतात की आता तो ती बाकावर काढतो आणि शेजारच्याला हातात देतो. घरी तो पूर्वीइतकाच बहिणीला “नाही” म्हणतो. तो उदार झाला असं मी म्हणणार नाही. त्याचा पहारा उठला. तो “गाडी कोण खेळतं?” असं विचारत होता, तेव्हा सेविकाताईंनी एक फोटो पाठवला: फरशीवर पूर्ण जोडलेले रूळ, मूल एकही नाही. वळणं बरोबर लागली आहेत का ते त्यानं तपासलं.

थोरलीला जिगसॉचे दोन तुकडे सोफ्याखाली सापडले. तिसरा तिनं पुठ्ठ्याचा कापून रंगवला. रंग जुळला नाही, पण बसला. हा खोका सेविकाताईंनी घेतला. वाढदिवस घरीच झाला.

खरा परिणाम झाला तो आईवर, असं मला वाटतं. थोरलीनं एकदा विचारलं, “मावशींना आपण देतो, तेव्हा मोजून देतो का?” आईला आठवले ते बटणं तुटलेले शर्ट आणि चेन बिघडलेलं दप्तर. मावशींना आजवर कुणी “हवंय का?” असं विचारलेलंच नव्हतं. आता आई विचारते. मावशी कधी कधी “नको” म्हणतात. पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा दोघीही जरा अवघडल्या.

तीनचाकी मावशींनी संक्रांतीच्या सुमाराला गावी, भाचीच्या मुलाला देऊन टाकली. हे कळल्यावर आईनं मला सांगितलं, “क्षणभर राग आला. मला एकदा विचारायचं तरी, असं वाटलं.” मग तिलाच हसू आलं.

वेगळं काय करता आलं असतं

सेविकाताईंकडून यादी आधी घेतली असती तर अर्धं सामान परत आणावं लागलं नसतं, आणि बाबांची चिडचिडही टळली असती. पण मग थोरलीनं ते ४५ तुकडे मोजले नसते. पुढच्या कुटुंबाला मी यादी आधी घ्यायलाच सांगेन. नकार मुलांसाठी कितीही उपयोगी असला तरी सेविकेचा वेळ त्यासाठी नाही.

आजीला सगळ्यांनी अडथळा मानलं. क्रेट भरण्याच्या आधी तिच्याशी बोलून तिला एखादं काम दिलं असतं, तुटक्या बाहुलीला कपडे शिवायचं म्हणा, तर कौतुकाला दुसरी वाट मिळाली असती. बाहुलीला कपडे हवे होते, हे सेविकाताईंनीच नंतर सांगितलं.

सगळ्यांत उणी राहिलेली बाजू नातवाची. त्याचा अपमान पार्किंगमध्ये, चारचौघांत झाला. माफी मात्र चार भिंतींत, तीही त्याच्या आजीकडे मागितली गेली. आईनं वॉचमनसमोर, शेजारणींसमोर एवढंच म्हणायला हवं होतं की सायकल त्याचीच होती आणि चूक माझी झाली. ते बोलायचा क्षण त्याच संध्याकाळी होता. आठवड्यानंतरही होता. आईला ते पटतं, पण अजून जमलेलं नाही. शेजारणींपैकी एकीनं तेव्हा मावशींनाच “पोराला कशाला आणता?” असं सुनावलं होतं, हे तिला फार उशिरा कळलं.

आणि खेळणी घरात येण्याचा ओघ. जाण्याबद्दल एवढा विचार झाला, येण्याबद्दल काहीच नाही. धाकट्याचा सहावा वाढदिवस मे महिन्यात आहे. पाहुण्या मुलांची यादी तिसाच्या पुढे गेली आहे. निमंत्रणावर “भेटवस्तू नकोत” असं लिहायला बाबा तयार आहेत, आजी नाही, आणि धाकट्याला अजून कुणी विचारलेलं नाही.